एक थेंबही न गळणारा वॉल्व्ह

९ नोव्हेंबर, शनिवार

ही डायरी कृषी केंद्रातून फुकट मिळालेली, तीही गेल्या वर्षीची. वार खोडून नवे लिहावे लागतात. प्रत्येक पानाच्या तळाशी धानावरच्या एकेका किडीची माहिती आहे, आज खोडकिडा. तर खोडकिड्याच्या साक्षीने नोंद करतो की मला, म्हणजे राजदीपला, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतःचं पहिलं काम मिळालं.

चौदा वर्षं पुण्याकडे वॉल्व्हच्या कारखान्यात काढली आणि मार्चमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलला, माझ्या गावी, परत आलो. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतोय की ज्या वॉल्व्हची कंपनी बुडाली, ज्याचा सुटा भाग कुठेच मिळत नाही, तो मी मशीनवर छापून देईन. पोलादाची भुकटी पसरायची, हवी तिथे लेझरने वितळवायची, पुन्हा भुकटी, पुन्हा लेझर. थरावर थर चढत वॉल्व्ह उभा राहतो. लोक शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, लग्नपत्रिका पण छापता का?

घनश्यामभाऊंनी नाही विचारलं. त्यांची उकड्या तांदळाची गिरणी आहे. धान संध्याकाळी गरम पाण्याच्या हौदात भिजवतात, सकाळी काढून वाफवतात, वाळवतात, मग भरडतात. हौद तापवणाऱ्या वाफेचा वॉल्व्ह त्यांच्या वडिलांच्या काळातला आहे आणि तो कधीच पूर्ण बंद होत नाही. "माहा सारा कोंडा बॉयलरमंदी जळून हवेत जाऊन राह्यला, राजदीप," ते म्हणाले. "मले असा वॉल्व्ह पाह्यजे, एक थेंब गळला नाई पाह्यजे." बाजारातला कुठलाही वॉल्व्ह त्या जागेत बसत नाही. पाइप कापायचे तर ऐन हंगामात गिरणी बंद ठेवावी लागेल.

मूल-सिंदेवाहीकडचे आणखी गिरणीवाले माझ्याकडे बघून आहेत. हा वॉल्व्ह चालला तर माझं इथे बस्तान बसलं. नाही चालला तर पुण्याचे जुने साहेब आहेतच. त्यांनी एक जानेवारीपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो म्हणून सांगितलंय. रंजीता, माझी बायको, म्हणाली, "मंग वॉल्व्ह नीट कर. मी काई पुन्हा सामान बांधत नाई."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

गिरणीत माप घ्यायला गेलो. हौदावर वच्छलाबाई असतात, बावीस वर्षांपासून. पन्नाशीच्या, काटक. जुन्या वॉल्व्हच्या शेजारी पोतं टाकून त्यावर बसलेल्या. वॉल्व्ह फुसफुसत होता. त्याच्या चपट्या डोक्यावर बाईंचा जेवणाचा डबा ठेवलेला. पाण्याची ऊब त्या कोपर बुडवून बघतात. मी विचारलं, हात का नाही घालत? म्हणाल्या, "हात काम करू करू मरून गेला जी. त्याले काई समजत नाई. कोपराले समजते."

मग त्या वॉल्व्हविषयी पुष्कळ बोलल्या. त्याचा आवाज आला की त्यांना समजतं म्हणे, पाणी सकाळपर्यंत धरून राहील. निम्मं बोलणं फुसफुसण्यामुळे मला ऐकू आलं नाही आणि उरलेलं निम्मं माझ्या कामाचं नव्हतं. डबा बाजूला ठेवायला लावून मी मापं घेतली.

एक चांगलं झालं. बॉयलरच्या अंगावरच्या वॉल्व्हला हात लावायचा तर निरीक्षकांचे कागद लागतात. हा पार शेवटच्या, दीड किलो दाबाच्या लाइनीवर आहे. म्हणजे माझी कला कागदात अडकणार नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चंद्रपूर. सामायिक सुविधा केंद्रातल्या धातूच्या प्रिंटरच्या दाराला उद्घाटनाची फीत अजून चिकटलेली आहे. फितीनंतर मशीनला कोणी हात लावला असेल तर डिंपलने. ही आरमोरीची मुलगी, सव्वीस वर्षांची, एकटीच मशीन सांभाळते. रोज चालू करते, पुसते, बंद करते. गिऱ्हाईक म्हणून मी आत शिरलो तेव्हा तिने आधी मला पाणी दिलं आणि मग पत्ता चुकलात का, असं विचारलं.

माझं चित्र मी तिला दाखवलं. जुन्या ठोकळ्यासारखं नाही. गोलाईदार, अंगावर बारीक कंगोरे, डोकं घुमटासारखं. घुमटावर माझ्या नाव-आडनावाची उठावाची दोन अक्षरं: रा. मे. छापतोच आहोत तर नावाला वेगळं काय पडतं?

डिंपलने विचारलं, "सर, जुना वॉल्व्ह गळतो, तर गळलेली वाफ जाते कुठं?"

"वाया."

"वाया म्हणजे कुठं?"

"अगं, वाया म्हणजे वाया."

नवीन पोरांना कामापेक्षा प्रश्न फार.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दोन तृतीयांश वॉल्व्ह छापून झाला आणि वीज गेली. अर्ध्या देशाला दिवे पुरवणाऱ्या चंद्रपुरात, धुराड्यांच्या डोळ्यांदेखत. बॅटरीने वीस मिनिटं धीर धरला आणि मान टाकली. कमरेपर्यंतच उभा राहिलेला वॉल्व्ह डिंपलने टेबलावर पेनं ठेवायला घेतला. दिसतो मात्र छान.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. बोटाला शाई लावून घेतली. दिवसभर दुसरं काहीही छापलं गेलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

झाला! भट्टीतून काढला, घासला, आत झडप जिथे टेकते ती बैठक आरशासारखी घोटली. दुप्पट दाबाने पाणी भरून तासभर ठेवला. खाली कोरा कागद पसरला होता. कागदावर एक डाग नाही. मी कागद घडी करून खिशात ठेवला. रंजीताला दाखवला, तर म्हणाली, "कोरा कागद काय दाखवून राह्यला?" कलेची कदर घरात होत नसतेच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

वॉल्व्ह बसला. एका दुपारीच, पाइप न कापता, चार बोल्टांत. माझ्याच मापांचा मला अभिमान वाटला. घनश्यामभाऊंनी कान लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मला मिठी मारली.

चाकाला मी कुलपाची सोयही दिली आहे. हौद एकदा तापला की घनश्यामभाऊ चाक घट्ट बंद करतात, कुलूप लावतात आणि किल्ली खिशात टाकून घरी जातात. कोणी उगाच वाफ सोडायला नको.

वच्छलाबाई वॉल्व्हकडे बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "हा तं मुकाच हाय जी." मी आभार मानले. मग त्यांनी घुमटावर बोट ठेवलं. "हे काय लिवलं?"

"माझं नाव."

"गरम होते का तुमचं नाव?"

विनोदी बाई आहेत. पुढे म्हणाल्या, "पाणी सकाळपावतर धरन का पण?" मी सांगितलं की पाणी धरणं हे हौदाचं काम, वॉल्व्हचं काम वाफ धरणं. त्या पाइपला कोपर टेकवून हौदाकडे वळल्या. तांत्रिक गोष्ट सोप्या शब्दांत सांगता आली पाहिजे, एवढंच.

३० नोव्हेंबर, शनिवार

थंडी पडली. पहाटे मूलमध्ये दात वाजताहेत. (पानाखाली: लष्करी अळी. तीही गारठली असावी.)

गिरणीवर उगाच चक्कर टाकली. हल्ली रोजच टाकतो. वच्छलाबाईंचा डबा माझ्या घुमटावरून घसरून भात सांडला होता. मी म्हटलं, अहो, ही काय डबा ठेवायची जागा आहे? म्हणाल्या, "ठेवला काय अन् नाई ठेवला काय. थंडाच रायते आता." कंटाळल्या असतील. आज त्यांना नवरगावला झाडीपट्टीचं नाटक बघायला जायचंय, दुपारपासून सगळ्यांना कथानक सांगत होत्या. खलनायकाचा शेवटी काय निकाल लागतो तेही सांगून टाकलं.

४ डिसेंबर, बुधवार

वाईट दिवस.

शनिवारी भिजवलेलं धान वाळून आज भरडायला घेतलं. निम्मा तांदूळ कणी. अख्खा राहिला त्याच्या पोटात पांढरा ठिपका, वर आंबूस वास. घनश्यामभाऊंनी सगळ्या कामगारांना अंगणात बोलावलं आणि सगळ्यांसमोर वच्छलाबाईंना म्हणाले, "नाटकाच्या घाईनं तू पाणी तापवलंच नाई. थंड्या पाण्यात धान टाकून पळाली."

"तापवलं होतं जी. कोपर घालून पाह्यलं."

"तुह्या कोपराचा तांदूळ पाह्य हा." त्यांनी मूठभर कणी बाईंच्या पायाशी टाकली. "उद्यापासून येऊ नको."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुह्या वॉल्व्हमंदी तं काई नाई नं?"

मी म्हणालो, "एक थेंब गळत नाही."

हे शंभर टक्के खरं आहे. तरी मघापासून खिशातला तो कोरा कागद चाचपतो आहे. बाईंनी पोतं झटकलं, घडी केली आणि काखेत मारून निघाल्या. बावीस वर्षांचं सामान म्हणजे एक पोतं आणि एक डबा. मला फार वाईट वाटलं. पण मी काय करणार? पाण्याचं तापमान हा माझा विषय नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

सिंदेवाहीचे गिरणीवाले रविवारनंतर वॉल्व्ह बघायला येणार! घनश्यामभाऊंनीच बोलावलं. कोंडा पूर्वीपेक्षा बराच कमी जळतो, म्हणून ते माझ्यावर खूश.

हौदावर आता बुधू नावाचा माणूस आहे. त्याने काल भिजवलेलं धान आज सकाळी फोडून पाहिलं, तर पोटात तसाच पांढरा ठिपका. "नवा हाय, शिकून राह्यला," घनश्यामभाऊ म्हणाले. मलाही पटलं. पटण्यासारखंच आहे. पटायला हवं.

८ डिसेंबर, रविवार

रंजीताने गिरणीतल्या तांदळाचा भात केला. एक शीत नखाने फोडून माझ्या ताटात ठेवलं. आत कोरडं. "हे भिजलंच नाई. सुरुवातीले भिजलं अन् मंदात थांबलं." तिची आई उकडा घरीच करायची, तिला कळतं.

"वच्छलाबाईंनी पाणी तापवलं नव्हतं."

"बुधूनं बी नाई तापवलं?"

मी भात संपवला. तोंडात खडे आल्यासारखं वाटत होतं.

९ डिसेंबर, सोमवार

काल जेवणानंतर थर्मामीटर घेऊन गेलो. मनात होतं की बुधू हयगय करतो हे आकड्यांनी सिद्ध करावं. संध्याकाळी माझ्यासमोर त्याने हौद तापवला: अडुसष्ट अंश, एकदम बरोबर. घनश्यामभाऊंनी कुलूप लावलं, किल्ली नेली.

आज सकाळी सातला पुन्हा मोजलं. एकोणचाळीस.

मी वॉल्व्हपुढच्या पाइपवर हात ठेवला. तो पाइप मी नोव्हेंबरात पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यावर बोट टेकवत नव्हतं. आता तळ्यातून काढलेल्या मासोळीसारखा थंडगार.

थंडा.

घरी येऊन ही डायरी मागे चाळली. १२ तारखेला बाईंनी सांगितलं होतं. २५ तारखेला विचारलं होतं. ३० तारखेला डबा पुढे करून सांगितलं होतं. डिंपलने तर छापायच्याही आधी विचारलं. सगळं माझ्याच अक्षरात आहे, वर माझे शेरेही आहेत. जुना वॉल्व्ह रात्रभर थोडी थोडी वाफ हौदात सोडत होता आणि तेवढ्यावर पाणी सकाळपर्यंत ऊब धरत होतं. नोव्हेंबरच्या उबेत कोणाला कळलं नाही, थंडी पडली आणि उघडं पडलं. त्या गिरणीचा तांदूळ तीस वर्षं गळतीवर शिजत होता. मी गळती बंद केली.

दोष माझाच. बाईंनी पाणी तापवलं होतं.

१० डिसेंबर, मंगळवार

आज कुठेही गेलो नाही. पुण्याच्या साहेबांचा नंबर दोनदा काढला. सिंदेवाहीचे लोक गुरुवारी येताहेत. तोवर गप्प राहिलो तर? बुधू शिकत राहील, घनश्यामभाऊ त्याला शिव्या देतील, मी वॉल्व्ह विकेन. (पानाखाली: तुडतुडे. बुंध्याशी बसून रस शोषतात, वरून पीक हिरवंच दिसतं. ही डायरी छापणाऱ्याला मी एकदा भेटणार आहे.)

११ डिसेंबर, बुधवार

वच्छलाबाईंच्या गावी गेलो. त्यांचं घर ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यात आहे. नवऱ्याबरोबर तळ्याच्या पाळीवर जाळं साफ करत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. त्या जाळ्यातलं शेवाळ काढत राहिल्या.

"मले मालूम होतं," म्हणाल्या. "पह्यल्याच दिवशी मालूम होतं. पाइप थंडा पडला तं पाणी काऊन धरन?"

"मग मला जोरात का नाही सांगितलं?"

"तुमी आयकत होते का जी? तुमी तं आभार मानून राह्यले होते."

मी म्हटलं, घनश्यामभाऊंशी बोलतो, तुम्ही उद्यापासून परत या. त्यांनी जाळं खाली ठेवलं. "कामाले नाई रडत मी. तळ्यात मासोळ्या हायत. पण सर्व्यांच्या समोर मले पळपुटी म्हटलं. मी पाणी तापवून गेली होती. ज्या आंगणात म्हटलं त्याच आंगणात, सर्व्यांच्या समोर ते वापस घ्या. मंग पाहीन."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. येताना त्यांनी मला अर्धा किलो मरळ मासळी दिली. ती घेताना फार लाज वाटली, तरी घेतली.

१२ डिसेंबर, गुरुवार

अंगणात सगळे कामगार. सिंदेवाहीचे तीन गिरणीवाले, इस्त्रीचे शर्ट, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. कडेला वच्छलाबाई. घनश्यामभाऊ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सांग तुह्या वॉल्व्हबद्दल."

मी सांगितलं. मधली पानं न गाळता. बाईंनी तीनदा सांगितलेलं मी तीनदा ऐकलं नाही, पाणी त्यांनी तापवलंच होतं, चार तारखेला मी इथे उभा होतो, शंका होती आणि मी तोंड उघडलं नाही. डोळे गळायला लागले. माझ्या भाषणाची तयारी एक थेंबही न गळण्याची होती.

सिंदेवाहीकरांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "म्हंजे जुनाच बरा होता." आणि ते मोटारसायकलींकडे निघाले.

घनश्यामभाऊंचा हात माझ्या पाठीवरून केव्हाच उतरला होता. माणूस तोंडाचा फाटका, पण मनाचा कोता नाही. बाईंच्या समोर जाऊन मोठ्याने म्हणाले, "वच्छला, माहं चुकलं. सारे आयका रे, माहं चुकलं. तू पाणी तापवलं होतं." मग माझ्याकडे वळले. "अन् तू. आता काय, गळका वॉल्व्ह देशीन मले?"

"हो," मी म्हणालो. "पण मोजून गळणारा."

कुलूप काढून चाक जरासं उघडं ठेवता आलं असतं. पण अर्धवट उघड्या वॉल्व्हची बैठक वाफ खाऊन टाकते. जुन्याची तशीच खाल्ली होती. शिवाय रोज हाताने तेवढंच उघडं ठेवणं जमत नाही. त्यापेक्षा आतल्या भिंतीतच एक बारीक वाट ठेवायची. तिथे ड्रिल पोचत नाही, इतकी ती आडवळणाला आहे. छापताना मात्र वाट सोडून भोवती थर चढवता येतात. माझं मशीन ज्या कामासाठी जन्माला आलं ते हेच, आणि मी त्याला नाव कोरायला लावलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

डिंपलने नव्या वॉल्व्हच्या आतल्या भिंतीचे, बदलून बसवता येणारे तीन तुकडे छापले, प्रत्येकातली वाट वेगळी: दोन, तीन आणि चार मिलिमीटर. "सर, वाया म्हणजे कुठं ते सापडलं का?" तिने विचारलं. तेवढा हक्क तिचा आहे. मी नवा वॉल्व्ह छापून होईपर्यंत तिथे जमिनीवर बसून होतो. वीज गेली नाही. चंद्रपूरलाही माझी दया आली असावी.

नव्या चित्रात मी घुमट कापून सपाट केला आहे. डिंपल म्हणाली, "नावाला जागाच उरली नाही." मी म्हटलं, राहू दे. तिने सपाट भागाला काठही दिला, बोटभर उंच. तो कशासाठी हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिने विचारून घेतलं होतं, फोन करून, वच्छलाबाईंना. डब्याचा घेरसुद्धा.

२१ डिसेंबर, शनिवार

तीन सकाळी, तीन वाटा. मी थर्मामीटर घेऊन, हौदावर परत आलेल्या बाई कोपर घेऊन. गुरुवारी दोन मिलिमीटर: "कमी हाय." काल चार: "हे तं भातच शिजून राह्यला." आज तीन. त्यांनी बाही वर सारली, कोपर बुडवून लगेच काढलं, डोळे मिटले. मी आकडा वाचला होता, बोललो नाही. शिकतोय.

"हा," त्या म्हणाल्या.

एकसष्ट. धान फोडून बघितलं, पोटात ठिपका नाही. घनश्यामभाऊंनी चाकाचं कुलूप तळ्यात फेकतो म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, नका फेकू, जाळ्यात येते.

वॉल्व्ह अगदी बारीक फुसफुसतो. कान दिला तरच ऐकू येतं. मी निघालो होतो, तर बाईंनी पोत्याची अर्धी बाजू झटकून दिली. "बसा जी." सिंदेवाहीहून कोणी परत येईल की नाही, माहीत नाही. साहेबांना मात्र सकाळीच कळवून टाकलं की खुर्ची दुसऱ्याला द्या. रंजीताला अजून सांगायचंय. ती म्हणेल, मले मालूम होतं.

डबा काठात नेमका बसला होता. त्यांनी झाकण काढून माझ्यापुढे केला. भात आणि झिंग्याची चटणी. जिथे माझं नाव असायचं, तिथे तो तासभर बसून होता.

भात गरम होता.